आवाज आणि अपराध

दोष कुणाचा, हा प्रश्न माणूस जितक्या आवडीने विचारतो तितक्या आवडीने दुसरा कोणताही प्रश्न विचारीत नाही. आणि त्याचे उत्तर देण्याची त्याला जितकी घाई असते तितकी दुसऱ्या कोणत्याही उत्तराची नसते. घरात भांडे पडले, वर्गात गलका झाला, सभेत कुणी मध्येच उठून बोलू लागला, की आपली मान आवाजाच्या दिशेने वळते आणि तिथे जो सापडेल त्याला अपराधी ठरवून आपण मोकळे होतो. जिथे आवाज तिथे अपराध, अशी आपली एक न बोललेली समजूत आहे. ती इतकी जुनी आणि इतकी सोयीची आहे की तिची उलटतपासणी घ्यावी असे सहसा कुणाला वाटत नाही. ती घेण्यासाठी मी आज एक अगदी सामान्य साक्षीदार पुढे करणार आहे. तो म्हणजे मोटारीच्या समोरच्या काचेवरचा वायपर.

नीतीच्या प्रश्नात हे रबराचे पाते कुठून आले, असे वाचक म्हणतील. मोटारीच्या मौल्यवान अंगांत त्याची गणना कुणी करीत नाही, हे खरे. गाडी विकत घेणारा इंजिनाची चौकशी करतो, टायर पाहतो, गाडी लिटरला किती धावते ते विचारतो. वायपर चालवून पाहणारा विरळा. परंतु आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी कुंभार्ली घाट उतरत असताना गाडीतल्या सगळ्यांचे प्राण त्या हातभर लांबीच्या रबराच्या धारेवर टांगलेले असतात. वायपर चांगला असला तर तो आहे हे जाणवतही नाही. बिघडलेला मात्र काचेवरून सरकत नाही, उड्या मारीत जातो. थर्र-थर्र असा आवाज होतो आणि मागे पाण्याचे आडवे पट्टे राहतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा उजेड त्या प्रत्येक पायरीवर फुटतो आणि रस्त्याची कड नेमकी त्याच क्षणी दिसेनाशी होते. ज्याने दृष्टी द्यायची तोच दृष्टी हिरावून घेऊ लागला, तर हा प्रश्न क्षुद्र राहत नाही.

ह्या वस्तूचा जन्मही एका पाहणाऱ्या डोळ्यांतूनच झाला आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन ही बाई न्यूयॉर्कला गेली असता तिने ट्रामचा ड्रायव्हर पाहिला. काचेवर बर्फ साचून पुढचे दिसेना, म्हणून काच उघडी ठेवून थंडीवारा अंगावर घेत तो ट्राम हाकीत होता. इतर उतारूंनीही तो पाहिला असेल. तिने त्यावर विचार केला. आतून दांडी फिरवली की बाहेर रबराचे पाते काच पुसून घेईल, अशी योजना तिने केली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला तिचे पेटंट मिळाले. पाते काचेला नीट टेकून राहावे म्हणून तिने त्याला एक वजनही लावले होते. म्हणजे पाते आणि काच ह्यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचाच आहे. पुढे एका कॅनेडियन कंपनीने त्या शोधात व्यापारी मूल्य नाही असे सांगून तो परत पाठवला, आणि बाईला त्यातून काही मिळाले नाही.

आता उड्या मारणारे पाते नेमके काय करीत असते ते पाहू. दोन वस्तू एकमेकींना टेकून स्थिर असताना त्यांना हलवण्यास जितका जोर लागतो, त्याहून कमी जोर त्या एकदा सरकू लागल्यावर लागतो. घर्षणाचे नियम अमाँतों ह्याने १६९९ मध्ये आणि कुलोम ह्याने १७८५ मध्ये मांडले. पण जडशी पेटी ढकलणाऱ्या कोणत्याही हमालाला ते ठाऊक असतात. रबराची धार काचेला चिकटते. दांडा तिला पुढे ओढीतच असतो. रबर वाकते, ताण साठत जातो, आणि सोसवेना झाले की धार एकदम सुटते, उडी घेते, पुन्हा चिकटते. अडकणे आणि सुटणे, अडकणे आणि सुटणे, असे एका सेकंदात कित्येकदा चालते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज सुटण्याचा असतो. अडकण्याला आवाज नसतो.

मी मास्तर असल्यामुळे ह्याच आवाजाचे एक भावंड माझ्या रोजच्या परिचयाचे आहे. खडू फळ्यावर कधी कधी असा किंचाळतो की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी पोरे कानांत बोटे घालतात. नवा मास्तर खडू फेकून देतो आणि दुसरा घेतो. जुना मास्तर तोच खडू थोडा आडवा धरतो, म्हणजे तो फळ्यावर ढकलला न जाता ओढला जातो, आणि किंचाळणे थांबते. खडू तोच, फळा तोच. बदलला तो कोन. सारंगीवाला तर ह्याच अडकण्या-सुटण्यावर पोट भरतो. गजाला तो मुद्दाम राळ लावतो, ती तार धरून ठेवावी आणि सोडावी म्हणून; आणि त्यातून जो सूर निघतो त्याला आपण दाद देतो. आणि ह्या क्रियेचे मोठे रूप पाहायचे असेल तर ते कुंभार्ली घाटाच्या माथ्याजवळच घडून गेलेले आहे. जमिनीच्या पोटातल्या भेगेची दोन अंगे वर्षानुवर्षे एकमेकांना धरून बसतात, ताण साठवतात आणि एका क्षणी सरकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जे झाले ते असेच झाले. ताण साठत असतो तेव्हा त्या साठण्याला आवाज नसतो. त्या शांततेला कुणी दोष देत नाही.

माझे एक स्नेही तालुक्याच्या गावी वकिली करतात. त्यांच्या जुन्या मोटारीचा वायपर एका पावसाळ्यात असाच उडू लागला. त्यांनी नवे पाते बसवून घेतले. तीनेक आठवडे बरे गेले आणि पुन्हा थरथर सुरू झाली. वकीलसाहेबांनी बाजारातल्या मालाला, हल्लीच्या रबराला आणि एकंदर काळाला नावे ठेवली आणि आणखी एक पाते विकत घेतले. तेही महिनाभरात उडू लागले तेव्हा आम्ही दोघे एका मेस्त्रीकडे गेलो. त्या गृहस्थाने पात्याकडे पाहिलेदेखील नाही. त्याने एकच प्रश्न विचारला.

“जाताना उडतंय का येताना?”

“त्याने काय फरक पडतो?” वकीलसाहेब म्हणाले.

“पडतो तर! दोन्हीकडनं उडत असंल तर काच बघायची, न्हायतर रबर. एकाच बाजूनं उडत असंल तर रबराला शिव्या देऊ नका, साहेब. दांड्याला पीळ पडलाय.”

मग त्याने आपल्या क्रमाने काम सुरू केले. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जसाच्या तसा सांगतो. पहिल्याने त्याने काच साबणाच्या पाण्याने धुतली आणि कोरडी केल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. काच दिसायला स्वच्छ होती. तरी बोळा काळा-पिवळा झाला. रस्त्यावरचा तेलकट धूर, झाडांचा चीक, गाडी चमकवण्यासाठी चोळलेले पॉलिश ह्यांचा एक पापुद्रा काचेवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रबराला कळतो. मग त्याने पात्याची धार त्याच स्पिरिटने पुसली आणि ती फाटली वा कडक झाली आहे का, हे नखाने चाचपून पाहिले. त्यानंतर पाते काढण्यापूर्वी त्याने काचेवर एक जाड फडके घडी करून ठेवले. दांड्याला स्प्रिंग असते. पाते काढल्यावर तो उघडा दांडा हातातून निसटला तर काचेवर आपटून ती फोडतो. चौकशी करताना ज्याच्यासाठी चौकशी चालली आहे तेच फुटू नये, इतकी काळजी त्याने आधी घेतली. मग वायपर काचेच्या मध्यावर थांबवून त्याने खाली वाकून दांड्याचा कोन पाहिला. दांड्याचे तोंड काचेला समांतर हवे. तसे असले म्हणजे रबराची धार जाताना मागे कलते, वळणावर उलटते आणि येतानाही मागेच कलते. रंगाऱ्याच्या हातामागून कुंचल्याचे केस जातात तशी. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर तिला मिनिटात ९० वेळा असे उलटावे लागते. दांड्याला पीळ असला की एका बाजूला ती नीट ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला पुढे ढकलली जाते; मग ती खडूसारखी किंचाळणारच. मेस्त्रीने पक्कडीत फडके धरून दांडा केसभर पिळला, पाते बसवले, काचेवर पाणी टाकले आणि वायपर चालू केला. आवाज गेला होता.

“वाकवला कुणी असेल?” वकीलसाहेबांच्या तोंडून धंद्याचा प्रश्न आलाच.

“धुताना कुणीतरी ओढला असंल. ते हुडकून काचंवरचं पाणी पुसलं जातंय व्हय?”

ह्या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वकीलसाहेबांनी विकत घेतलेली पहिली जोडी. ती तीन आठवडे बरी चालली होती. नवे रबर लवचिक असते. वाकड्या दांड्याचा जुलूम ते काही काळ मुकाट्याने सोसते. मग सोसून सोसून ते एका बाजूला कायमचे कलते आणि ओरडू लागते. परंतु त्या तीन आठवड्यांनी केवढा अनर्थ केला! जुन्या पात्याचाच दोष होता, असा निकाल त्यांनी पक्का करून टाकला. चुकीचा उपाय मुळीच लागू पडला नसता, तर मनुष्य लगेच सावध झाला असता. तो थोडे दिवस लागू पडतो, म्हणूनच घातक होतो. कारण तो नुसता आवाज बंद करीत नाही. चुकीच्या न्यायाला पुरावाही मिळवून देतो.

माणसांच्या बाबतीत हेच किती ठिकाणी चाललेले असते! मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथल्या एका वर्गात खिडकीच्या बाजूच्या चौथ्या बाकावर एक मुलगा बसे. तो सारखा शेजाऱ्याशी बोले. वर्गशिक्षकांनी त्याला रागावले, उभे केले आणि अखेर त्याची तुकडी बदलून दिली. वर्ग शांत झाला. रोग ओळखल्याचे समाधान सर्वांना मिळाले. पंधरा-वीस दिवसांनी त्या बाकावर आलेला दुसरा मुलगा, जो तोपर्यंत अबोल म्हणून ओळखला जात होता, तसाच बोलू लागला. तेव्हा कुणाला तरी त्या बाकावर स्वतः बसून पाहण्याची बुद्धी झाली. दुपारी दोननंतर खिडकीतून येणारा उजेड फळ्यावर असा चमके की त्या जागेवरून फळ्यावरचे एक अक्षर दिसत नसे. मुले शेजाऱ्याला विचारून लिहून घेत होती, एवढेच. खिडकीचे एक दार लावून घेताच प्रश्न मिटला. पहिल्या मुलाच्या नावापुढे ‘बडबड्या’ हा शेरा मात्र त्याच्याबरोबर नव्या तुकडीत गेला होता, आणि तो कुणी खोडला नाही. मुले आपल्याला मिळालेल्या शेऱ्याप्रमाणे वागायला फार लवकर शिकतात.

घाटात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य असते : चालकाचा ताबा सुटला. ते खोटे असते असे नाही. ताबा सुटलेलाच असतो. पण सुटण्यापूर्वी काय काय अडकलेले होते, किती तासांची झोप, कोणते घासलेले टायर, कुणी दिलेली वेळेची ताकीद, हे त्या वाक्यात येत नाही. सुटण्याला आवाज असतो, म्हणून त्याची बातमी होते.

ह्यावर वकीलसाहेबांनी घेतलेला आक्षेप वजनदार होता. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या न्यायाने जगात गुन्हेगारच उरणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, माझा दांडा वाकडा होता, माझी काच मळकी होती. मग ज्याचे नुकसान झाले त्याने कुणाकडे पाहायचे?” हा आक्षेप टाळून चालणार नाही. परिस्थितीकडे बोट दाखवून सुटून जाणारे लोक आपण रोज पाहतो. सहानुभूतीचा तो सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

परंतु मेस्त्रीच्या दुकानात एक टोपले होते आणि ते मेलेल्या रबरांनी भरलेले होते. कडक झालेली, चिरलेली, धार गेलेली ती पाती त्याने निःसंकोच टाकून दिली होती. रबर कधीच दोषी नसते, असे त्याचे म्हणणे नव्हतेच. त्याचे म्हणणे क्रमाबद्दल होते. आधी काच धुवायची, कारण त्याला पैसा पडत नाही आणि त्यात कुणाचे काही जात नाही. मग कोन पाहायचा, कारण चुकून जास्त पिळला तर पुन्हा परत फिरवता येतो. पाते टाकायचे ते सर्वांत शेवटी, कारण टाकलेले परत येत नाही. जे परत फिरवता येते ते आधी, आणि जे फिरवता येत नाही ते शेवटी : न्यायाचा ह्याहून साधा नियम मला माहीत नाही. आपण मात्र पाते बदलण्यापासूनच आरंभ करतो, कारण ते बाजारात मिळते. काच धुवायला वाकावे लागते.

ह्या दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. रबराला इच्छा नसते, माणसाला असते. वाकड्या दांड्याखालीही एखादा सरळ राहतो, आणि सगळे नीट असूनही एखादा मुद्दाम ओरडतो. म्हणून मला असे वाटते की हा क्रम दुसऱ्याचा न्याय करताना पाळण्याचा आहे. स्वतःचा न्याय करायला बसलो की तो उलटा करावा. माझ्या हातून आवाज झाला तर मी प्रथम माझी धार पाहावी, मग कोन, आणि काचेकडे अगदी शेवटी जावे. जगात बहुतेक भांडणे होतात ती ह्यामुळे, की आपण हे दोन्ही क्रम जाणतो, पण त्यांची अदलाबदल करतो. स्वतःसाठी काचेपासून सुरुवात करतो आणि दुसऱ्यासाठी रबरापासून. कादंबरी लिहिणाऱ्याला हे रोज भोगावे लागते. कागदावरच्या खलपुरुषाला वाईट ठरवायला एक पान पुरते. तो जिथे बसतो तिथून फळा दिसतो का, हे पाहायला सबंध पुस्तक लागते.

आणखी एक मोह ह्या वाटेवर आहे. आवाज नको असेल तर तो सहज बंद करता येतो. काचेवर तेलाचा हात फिरवला की पाते लोण्यावरून जावे तसे जाते. कानाला सुख होते. आणि रात्री समोरून दिवे आले की सगळी काच दुधासारखी पसरते. किंवा दांड्याची स्प्रिंग ढिली करावी. मग पाते काचेला नुसते शिवून जाते, ओरडत नाही आणि पुसतही नाही. घरांत, शाळांत, संस्थांत अशी शांतता पुष्कळदा नांदत असते, आणि तिलाच सलोखा म्हणण्याची पद्धत आहे. वायपरचे काम गप्प बसणे हे नाही. रस्ता दिसतो की नाही, एवढाच त्याच्यापुरता प्रश्न आहे; आवाज हा फार तर तो प्रश्न विचारण्याची आठवण करून देतो. त्या अर्थाने ओरडणाऱ्या पात्याचे आपल्यावर उपकारच असतात.

दिवाळी आली की पाऊस सरतो आणि वायपर आठ महिने विसरला जातो. त्या आठ महिन्यांतच त्याचा नाश होतो. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात उभ्या गाडीच्या काचेला टेकून, एकाच कुशीवर दाबलेले ते रबर तापते, सुकते, कडक होते आणि त्याची धार एका बाजूला कायमची वळते. त्या दिवसांत त्याच्याकडे कुणाचे काम नसते, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. मग आषाढात ते पहिल्याच सरीला थरथरते आणि आपण म्हणतो, आत्ताच बिघडले.

माणसांचेही बहुधा असेच होत असावे. ज्या दिवसांत आपले त्यांच्याकडे काम नव्हते त्या दिवसांत ती सुकत होती. कोरड्या दिवसात पाते उचलून त्याची धार बोटाने चाचपायला अर्धे मिनिट लागते. दिवाळीत काहीएक काम नसताना, नुसत्या फराळाच्या निमित्ताने, एकमेकांच्या घरी जाण्याची रीत ज्या कुणी पाडली, त्यांना हे ठाऊक असले पाहिजे.